गच्चीवरची तीन पॅनेल: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

३ फेब्रुवारी, सोमवार

सौर पॅनेल गच्चीवर चढली. तीन पॅनेल, प्रत्येकी २५० वॅट, पॉलिक्रिस्टलाइन, ६० सेलची. तिन्ही एकाच खोक्यातून आलेली, पण इतकी वर्षं स्टोअरमध्ये पडून होती की खोक्यावर उंदरांनी घर केलं होतं. आज बाजारात याच्या दुप्पट वॅटची मोनो पॅनेल मिळतात. विभागप्रमुख म्हणाले, नवीन मागवू. मी नको म्हटलं. आम्हाला विक्रम करायचा नाही, धुळीनं वीज किती घटते ते मोजायचं आहे. त्यासाठी तिन्ही सारखी असली म्हणजे झालं. शिवाय शेतात आणि सोसायट्यांवर आज जी पॅनेल आहेत त्यातली बरीच याच पिढीतली आहेत.

आखणी अशी: 'क' दर सोमवारी धुवायचं, 'ख' महिन्याच्या पहिल्या सोमवारी, 'ग'ला हात लावायचा नाही. प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं छोटं यंत्र), म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या आकड्यात मिसळणार नाही. शेजारी ऊन किती पडतंय ते सांगणारा एक संदर्भ सेल, तो रोज पुसायचा. पायरॅनोमीटर, म्हणजे ऊन मोजायचं खास यंत्र, विद्यापीठाच्या निधीत बसत नव्हता.

याच सेटवर प्रशिक्षणाची बॅचही चालवायची आहे. आयटीआय झालेले वायरमन-इलेक्ट्रिशियन आणि आमच्याकडचे शेवटच्या वर्षाचे काही, असे एकूण बावीस. प्रशिक्षण आणि संशोधन एकाच गच्चीवर नको, मुलं सेट बिघडवतील, असा एक सल्ला मिळाला. ऐकला नाही.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस ओळंब्याचा.

स्टँडचा कल २० अंश ठेवला. नाशिकचा अक्षांश जवळपास तेवढाच, त्यामुळे वर्षभराच्या हिशोबाला ठीक. प्रश्न होता दक्षिणेचा. सगळ्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं आणि बावीस जणांच्या दक्षिणा बावीस निघाल्या. नाशिकला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, म्हणजे दोष होकायंत्राचा नव्हता. लोखंडी स्टँडला टेकून बघितल्यावर दुसरं काय होणार!

मग लॅबच्या काकांनी गवंड्याचा ओळंबा आणला. तो काठीला टांगला, खाली खडू घेऊन बसलो. मुलांना विचारलं, सावली बरोबर उत्तरेला कधी पडेल? सगळे म्हणाले, बारा वाजता. आता आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि नाशिक ७३.८ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटं तिथेच गेली. वर फेब्रुवारीत सूर्य स्वतःच घड्याळापेक्षा चौदा मिनिटं मागे चालतो. म्हणजे १२ वाजून ४९ मिनिटं. त्या मिनिटाला सावलीवर खडूची रेघ मारली आणि स्टँड तिला समांतर केला. आधी होकायंत्रावर लावलेला स्टँड सात अंशांनी फिरलेला निघाला. वीजनिर्मितीत सात अंशांनी फार बिघडत नाही, हेही सांगितलं. पण मोजायचं तर नीट.

येवल्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आमच्या घरचे बारा वाजता जेवतात ते सव्वाअकरालाच म्हणायचं." अगदी बरोबर.

१७ फेब्रुवारी

तिन्ही पॅनेल धुऊन त्यांच्या स्वतःच्या वायरींवरच मोजणी. फरक एक टक्क्याच्या आत. पुढे जायला हरकत नाही.

बोअरचं पाणी वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके राहिले. क्षार. एका मुलानं आरओचं वाया जाणारं पाणी वापरू म्हणून सुचवलं. हेतू चांगला, पण ते तर बोअरपेक्षा खारट. शेवटी संगणक लॅबच्या एसीच्या नळीखाली बादली लावली. हवेतून गळालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. एका पॅनेलला दोन-अडीच लिटर पुरतं. धुणं सकाळी सातला, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही पॅनेल धुऊन प्रयोग सुरू.

पॅनेलपासून पत्र्याच्या शेडपर्यंत वायरी लांबवायच्या होत्या; तेच आजचं प्रात्यक्षिक. चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल सोलायची, टोकाला धातूची पिन बसवायची, क्रिम्पिंग टूलनं दाबायची, एमसी-फोर कनेक्टरच्या खोळीत सरकवायची, 'टक्' आवाज आला की ओढून बघायचं. दिसायला पाच मिनिटांचं काम.

क्रिम्पिंग टूल एक आणि मुलं बावीस. दुपारी चारपर्यंत रांग संपेना. पाचला गच्ची बंद होते. शेवटच्या तीन-चार जोडांच्या वेळी पक्कड वापरलेली मी पाहिली. टोकलं नाही. ओढून बघितलं तर निघत नव्हतं, म्हणून सही केली.

हे आज रात्री लिहून ठेवते आहे; कारण नोंद नाही केली तर उद्या मीच विसरेन.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. निम्मी बॅच त्र्यंबकला. नोंद फक्त लॉगरची, म्हणजे आपोआप आकडे टिपणाऱ्या यंत्राची.

१० मार्च, सोमवार

काहीतरी चुकतंय.

दोन आठवड्यांची वीज युनिटमध्ये मांडली तर दर आठवड्याला धुतलेलं 'क' सगळ्यात मागे. 'ख' ३ तारखेला धुतलं, ते ठीक. 'ग'वर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ आणि तरी ते 'क'च्या पुढे! मुलांनी लगेच निष्कर्ष काढून टाकला की धुतल्यानं पॅनेल खराब होतं. एकानं तर तो व्हॉट्सअॅपवर फिरवलाही असेल.

मायक्रोइन्व्हर्टरचा संशय घेऊन 'क' आणि 'ग' यांचे आपसात बदलले. आठवडाभर बघू.

१९ मार्च

रंगपंचमी. नाशिकमध्ये धुळवडीला कुणी फारसं भिजत नाही, आजच्या दिवशी जुन्या नाशकातल्या रहाडी (रंगाचे हौद) उघडतात आणि मग शहर जागेवर राहत नाही. बॅचला सुट्टी. संध्याकाळी एकटीच गच्चीवर जाऊन आकडे उतरवले. इन्व्हर्टर बदलूनही 'क' मागेच. म्हणजे इन्व्हर्टर निर्दोष. पांडवलेण्यांच्या डोंगरावर धुरकट हवा होती, उन्हाची तीव्रता दुपारीसुद्धा आठशे वॅट प्रति चौरस मीटरच्या वर गेली नाही.

२४ मार्च, सोमवार

दुसऱ्या विभागाकडून आय-व्ही ट्रेसर दोन दिवसांसाठी मागून आणला. हे यंत्र शॉर्ट सर्किटपासून (दोन्ही टोकं थेट जोडलेली) ओपन सर्किटपर्यंत (टोकं मोकळी) प्रवाह आणि दाब यांचा आलेख काही सेकंदांत काढतं. शेडमधल्या टोकाला जोडलं. उन्हाची तीव्रता ९०५ वॅट प्रति चौरस मीटर, पॅनेलची पाठ ५३ अंश.

शॉर्ट सर्किट प्रवाह: 'क' ७.८६, 'ख' ७.५९, 'ग' ७.४७ अँपिअर.
कमाल शक्ती: 'क' १८८, 'ख' १९३, 'ग' १९० वॅट.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बराच वेळ बसले. पहिली ओळ अगदी शहाण्यासारखी आहे: सगळ्यात स्वच्छ पॅनेलचा प्रवाह जास्त, 'ग' चार आठवड्यांत पाच टक्क्यांनी उतरलं. धूळ प्रकाश अडवते, प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह, ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या ओळीत मात्र 'क' तोंडघशी पडतं. म्हणजे प्रकाश आत पोचतोय, प्रवाह तयार होतोय, आणि बाहेर येताना वाटेत कुणीतरी जकात घेतंय.

आलेखातही ते दिसतं. 'क'च्या आलेखाचा खांदा पडलेला, आणि ओपन सर्किटकडे उतरणारी रेघ बाकी दोघांपेक्षा तिरकी. याचं पाठ्यपुस्तकी नाव 'मालिका रोध वाढला'. कुठे वाढला ते पुस्तक सांगत नाही. सेलच्या आत? जंक्शन बॉक्समध्ये? उतारावरून अंदाज काढला तर सुमारे ०.२ ओहम जास्त. साडेसात अँपिअरला त्यात अकरा वॅट जळतात.

अकरा वॅट कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडत असणार, ही साधी गोष्ट मला घरी गेल्यावर, गॅसवर दूध ठेवताना सुचली.

२७ मार्च

सापडलं. मला नाही, निफाडकडच्या मुलाला.

मी थर्मल कॅमेऱ्याची चौकशी करत फोनवर होते. तो स्टँडखाली वाकून एकेका कनेक्टरजवळ तळहाताची मागची बाजू नेत होता. ट्रॅक्टरच्या बेअरिंगला असंच बघतात म्हणे. तिसऱ्या कनेक्टरपाशी थांबला. "मॅडम, हे तापलंय." इन्फ्रारेड गन लावली: ८४ अंश. शेजारचा कनेक्टर ४६.

त्यानं तो उघडायला हात घातला तेव्हा मी ओरडलेच. चालू प्रवाहात डीसी कनेक्टर ओढला की ठिणगी पडते, आणि घरातल्या एसी विजेसारखी ती शून्यावर येऊन आपोआप विझत नाही, ताणत जाते. आमच्या एका पॅनेलचा दाब तीसेक व्होल्ट, तेवढ्यावर निभावलं असतं. पण हीच मुलं उद्या चौदा पॅनेलच्या ओळीवर हात घालणार, तिथे पाचशेच्या वर व्होल्ट. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग पॅनेलवर ताडपत्री, क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य, आणि मगच हात. हे सगळं वर्गात फळ्यावर लिहिलेलं होतं. सगळ्यांच्या वहीतही आहे.

ट्रेसर कनेक्टरच्या अलीकडे, थेट पॅनेलच्या वायरीवर लावला. 'क' २०० वॅट. तब्येत ठणठणीत.

१ एप्रिल

कनेक्टर मेकॅनिकल वर्कशॉपमध्ये उभा कापून घेतला. भिंगाखाली ठेवून सगळ्या बॅचनं बघितला, आणि एवढी शांतता या वर्गात मी पहिल्यांदा अनुभवली.

नीट दाबलेल्या पिनमध्ये तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की कापलेल्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी दिसते, मध्ये पोकळी नाही. आमच्या पिनला पकडीनं दोन बाजूंनी चपटं केलेलं. मध्ये जागाच जागा. पाच-सहा तारा पिनीच्या बाहेरच राहिलेल्या, टोकं काळी. प्लास्टिकची खोळ आतून तपकिरी पडून किंचित मऊ झालेली. ओढून निघत नव्हता तो जोड, हे खरंच; पण ओढून न निघणं आणि वीज नीट जाणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. मी एकच घेतली.

कुणी केला हा जोड? कुणी विचारलं नाही आणि मीही २४ फेब्रुवारीच्या हजेरीच्या कागदाला हात लावला नाही. टूल एकच आणायचं मी ठरवलं होतं. पकडीकडे काणाडोळा मी केला होता. वर्गात तसंच सांगितलं.

आता पाच आठवड्यांच्या आकड्यांचं काय करायचं? 'क'ची युनिटमधली नोंद २४ फेब्रुवारी ते २७ मार्च पूर्ण बाद. अकरा वॅट मिळवून ती 'दुरुस्त' करता येईल असा एक प्रस्ताव आला. पण रोध तापमानाप्रमाणे आणि जळण्याप्रमाणे बदलत गेला असणार. २४ मार्चचा ०.२ ओहम २ मार्चलाही तेवढाच होता याचा पुरावा नाही. बाद. शॉर्ट सर्किट प्रवाहाच्या नोंदी मात्र तशाच ठेवल्या, कारण एवढ्या लहान रोधानं तो प्रवाह हलत नाही. धुळीचा अभ्यास त्यावर उभा राहू शकतो.

देशभरात सौर तंत्रज्ञांचं सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ पासून चालू आहे, इतरही अभ्यासक्रम आहेत, आमचाही आहे. प्रमाणपत्रं छापणं सोपं असतं. एका मुलाच्या हातून किती जोड झाले आणि त्यातला एखादा कापून बघितला का, हा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता. आज पेनानं आखला: प्रत्येकाचे दहा जोड, त्यातला एक कापायचा, तोही मी निवडीन तो.

१२ एप्रिल

गच्चीवर ३९ अंश. पॅनेलची पाठ ६३. मुलांना ऊन म्हणजे वीज असं वाटतं. एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त वीज हवी होती, मग जानेवारीच्या गार दुपारी पॅनेल जास्त तरतरीत का? या पॅनेलच्या माहितीपत्रकात लिहिलंय, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.४१ टक्के घट. ६३ म्हणजे ३८ अंश वर, साडेपंधरा टक्के गेले. पॅनेलवरचे २५० वॅट हे १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि सेल २५ अंशांवर, अशा प्रयोगशाळेतल्या हवामानातले. नाशिकच्या गच्चीवर असं हवामान सहसा नसतं.

मग येवल्याच्या मुलीनं हिशोब केला. पॅनेलचं क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर, पडणारं ऊन १६३० वॅट, मिळणार २५०. "मॅडम, उरलेलं कुठे जातं? सहापैकी पाच भाग सांडतात की." तासभर यावरच गेला. प्रकाशाच्या लाल टोकाच्या बऱ्याच पलीकडचे कण सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला कमी पडतात, ते असेच निघून जातात किंवा उष्णता होतात. निळ्याकडचे कण गरजेपेक्षा जास्त जोर घेऊन येतात, वरचा जोर उष्णता. एक रुपयाच्या नाण्यावर चालणारं यंत्र आहे. आठ आणे टाकले तर चालत नाही, पाच रुपये टाकले तर सुटे परत देत नाही. अशा एका सांध्याच्या सेलमधून फार तर किती काढता येईल याचं गणित शॉक्ली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच मांडलं; आज ती मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास मानतात. १९५४ मध्ये बेल लॅबनं दाखवलेला पहिला कामाचा सिलिकॉन सेल ६ टक्क्यांचा होता. आमची ही उंदरांनी राखलेली पॅनेल १५ टक्क्यांची.

पुढच्या महिन्यात आयआयटी मुंबईच्या फोटोव्होल्टाइक केंद्राचं जुनं प्रशिक्षण साहित्य वाचून काढायचं आहे. २०१० पासून त्यांचं हे काम चालू आहे. धूळ आणि उष्णतेवर आपण नव्यानं चाक शोधत बसण्यात अर्थ नाही.

२० एप्रिल, रविवार

निफाडच्या मुलाच्या घरी. त्यानंच बोलावलं होतं. द्राक्षाच्या प्लॉटला लागून पाच एचपीचा सौरपंप, चौदा पॅनेल. खरड छाटणी होऊन गेलेली, बागा उघड्याबोडक्या, ओलांड्यांवर (वेलाच्या आडव्या फांद्यांवर) निळसर पांढरा थर. बोर्डो, बुरशीवरचं औषध. मोरचूद आणि चुना. ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं फवारताना वारा पंपाच्या बाजूचा होता, हे बागेकडच्या पाच पॅनेलवरून स्पष्ट वाचता येत होतं.

मी इतके दिवस 'धूळ' म्हणजे रस्त्याची, बांधकामाची समजून बसले होते. इथली धूळ वेगळीच. ओल्या फडक्यानं ती नुसती पसरली, पाणी मारून हलली नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघाली, चुन्याला आंबट लागतंच. नंतर फ्रेमवर आंबट राहू नये म्हणून भरपूर पाण्यानं धुतलं. एका पॅनेलचा आधीचा आणि नंतरचा शॉर्ट सर्किट प्रवाह, संदर्भ सेलनं जुळवून: नऊ टक्के फरक. आमच्या गच्चीवरच्या 'ग'ला तिथवर पोचायला दीड-दोन महिने लागतात.

त्याचे वडील बांधावर उभे राहून हे सगळं बघत होते. म्हणाले, "पंप चालतोय ना पण?" चालतो. दुपारी चालतो. सकाळी नऊला आणि चारनंतर पाणी कधी सुटतं, कधी बंद पडतं, त्याचा विचार त्यांनी 'ऊन कमी असेल' एवढ्यावर सोडून दिला होता. त्यांना नऊ टक्के सांगितलेच नाहीत. फवारणीच्या दिवशी पॅनेलवर जुनी साडी टाका एवढं सांगितलं. ते त्यांना पटलं. मग म्हणाले, "अन् पोरगं वायरी जोडायला शिकलं का?" मुलगा माझ्याकडे बघत होता. शिकला म्हटलं.

जेवायला पिठलं-भाकरी आणि ताजे बेदाणे.

७ मे

काल संध्याकाळी अवकाळी. 'ग' पहिल्यांदा धुतलं गेलं, आभाळाच्या हातून. सकाळी मोजलं तर प्रवाह 'क'पेक्षा अडीच टक्केच कमी. शक्ती मात्र सहा टक्के कमी! पोटात गोळा आला, पुन्हा कनेक्टर की काय. सगळे हात लावून बघितले. गारच.

मग काचेकडे नीट पाहिलं. पावसानं वरची धूळ खाली आणली आणि खालच्या फ्रेमच्या कडेला, जिथे काच संपून अॅल्युमिनियमचा काठ उभा राहतो, तिथे बोटभर रुंदीची चिखलाची पट्टी वाळून बसली. पॅनेल आम्ही उभी लावली आहेत. खालची पट्टी सहाही रांगांच्या तळच्या सेलवर, म्हणजे तिन्ही बायपास डायोडांच्या (सावलीतला गट वगळून प्रवाह वळवणाऱ्या भागांच्या) गटांवर एकदम सावली. तेच पॅनेल आडवं असतं तर ही पट्टी एकाच गटावर पडली असती, आणि फार वाढली तरी तेवढाच एक गट वगळून बाकीचं पॅनेल मोकळं चाललं असतं.

'पाऊस पडला की पॅनेल आपोआप धुतली जातात' हे मी स्वतः दोन वर्षं शिकवलं आहे.

ओल्या फडक्यानं फक्त ती पट्टी पुसली. चार टक्के परत आले. अर्धा मिनिट आणि पेलाभर पाणी.

१९ मे

विद्यापीठाच्या समितीपुढे सादरीकरण. 'क'चा बाद झालेला महिना पडद्यावर तसाच रिकामा ठेवला होता. पहिला प्रश्न त्यावरच येणार हे ठाऊक होतं. कापलेला कनेक्टर काडेपेटीतून काढून टेबलावर ठेवला. तो हातोहात फिरला आणि परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली. धुळीच्या आलेखांना उरलेली पाच. शेवटी एका सदस्यांनी विचारलं, हा प्रकल्प धुळीचा आहे की प्रशिक्षणाचा? मी म्हटलं, निधी धुळीचा आहे.

२० मे

शून्य सावलीचा दिवस. सूर्य साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर यायला हवा. ओळंबा टांगून सगळे खडू घेऊन तयार. आभाळ गच्च. सावली शून्यच होती म्हणा, सकाळपासून. पुन्हा संधी २३ जुलैच्या आसपास, म्हणजे भर पावसाळ्यात. काकांनी ओळंबा गुंडाळून ठेवला.

२६ मे, सोमवार

'क'ची धुण्याची पाळी. पाऊस चालू असल्यानं धुतलं नाही, तशी नोंद केली. 'ग'ची खालची पट्टी पुन्हा बोटभर. 'ख'चीही सुरू झाली आहे. पाऊस उघडला की 'ख' आडवं करून बसवायचं. त्यासाठी स्टँडला चार नवी भोकं लागतील.

चार क्रिम्पिंग टूल मंजूर झाली. हिशोब विभागानं विचारलं होतं की वर्कशॉपमध्ये पकडी असताना हे वेगळं कशाला. काडेपेटी पाठवली.